बोरन्हाणाचा रोल

६ डिसेंबर २०००

नवी फ्लॅशगन आली. खोका उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

बाबांच्या गनला एकच बटण होतं. अंतर मोजायचं, लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, किती उघडायचं ते मागच्या तक्त्यावर बघायचं, लेन्सवर लावायचं. चुकलं तर आपण चुकलो. हिच्यावर तीन खुणा आहेत. एम म्हणजे सगळा उजेड एकदम. ए म्हणजे किती उजेड द्यायचा ते गन ठरवणार. टीटीएल म्हणजे ते कॅमेरा ठरवणार, लेन्समधून आत आलेला उजेड मोजून.

गनच्या पुढच्या अंगाला वाटाण्याएवढं काळं भिंग आहे. तो तिचा डोळा. उजेड समोरच्या माणसावर आदळून परत येतो, या डोळ्यात मोजला जातो, आणि पुरे झाला असं वाटलं की गन स्वतःच बंद होते. हे सगळं पापणी लवायच्या आत. मला मध्ये बोलता येत नाही.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून शहरात रोज कशाचं तरी उद्घाटन आहे. बूढापारा मोहल्ल्यात बसून पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला कोणी बोलवत नाही. हॉलमध्ये, गर्दीत, पळत काढणारा हवा. म्हणून ही गन घेतली. मला ती कळत नाही हे कोणाला कळू नये.

अनंतराव काका खोक्याकडे बघून म्हणाले, "सगळंच आटोमॅटिक? मंग तू काहून जाऊन राहिला? गनलेच पाठव रिक्षात बसवून."

काका बाबांच्या वेळचे. बाबा गेले, काका राहिले. रोज खिडकीशी बसून बारीक ब्रशने प्रिंटवरचे दोष भरतात. मिटलेला डोळा उघडून देतात. डोळ्यात दोष असलेला फोटो या स्टुडिओतून बाहेर जाणार नाही, हा बाबांचा नियम. काका तो अजून पाळतात.

११ डिसेंबर

एका नव्या सरकारी कार्यालयाचं उद्घाटन. पांढरी भिंत, पांढरे कुडते, पांढऱ्या चादरीची टेबलं. गन ए वर ठेवली आणि तिच्यावर विश्वास टाकला.

गोल बाजारातल्या लॅबमध्ये हिरालाल भैयांनी प्रिंट काउंटरवर पसरले. "भैया, उद्घाटन था कि तेरहवीं? सबके चेहरे उतरे हुए हैं."

सगळे राखाडी. चेहरे काळवंडलेले. घरी येऊन गनसोबतची पुस्तिका पुन्हा वाचली. गनला पांढरं म्हणजे काय ते माहीत नाही. तिला वाटतं सगळं जग मध्यम राखाडी आहे. पांढऱ्यावरून खूप उजेड परत आला की ती समजते, झालं, पुरे. आणि बंद होते. काळं समोर असलं की उलट. उजेड परत येत नाही म्हणून ती देतच राहते, आणि चेहरे करपतात, पांढरेफटक पडतात.

तिथल्या साहेबांच्या पीएने फोटो बघितले, पाकिटात परत घातले. "छब्बीस जनवरी को एक मौका और. नहीं तो भोपाल वाले को बुला लेंगे."

राज्य वेगळं होऊन भोपाळचाच येणार.  स्कूटर हळू चालवली.

२० डिसेंबर

घरी सराव सुरू केला. समोर बसायला नाही न म्हणणारं एकच माणूस आहे. श्रावणी, आमची मुलगी. सव्वा वर्षाची.

बाबा सांगायचे, चूक शोधायची तर एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर कोणी चोरी केली ते कळणार नाही. तसंच करतो आहे. आज फक्त मोड बदलले. जागा तीच, रोल तोच, अंतर तेच.

श्रावणी सरळ बसत नाही. चेहरा डावीकडे वळवून माझ्याकडे बघते. कितीदा हनुवटी धरून सरळ केली, पुन्हा डावीकडे. डाव्या कपाळावर टेंगूळ आहे, कालचं. दाराची चौकट लागली. चालायला नवीन आहे.

कौमुदी स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोट्टीवर कायचे प्रयोग करून राहिले? तिचे डोळे जातील त्या उजेडानं."

"उजेडाने डोळे जात नाहीत."

"तुमाले सगळं माहीत आहे."

मला काहीच माहीत नाही. ते मी इथे लिहितो, तिला सांगत नाही.

२४ डिसेंबर

रोल आला. टीटीएलचे बरे. ए वरचे कुठे बरे, कुठे करपलेले.

एका फोटोत श्रावणीचा डावा डोळा पांढरा आला आहे. बाहुलीच्या जागी पांढरी टिकली. उजवा लाल.

लाल का येतो ते माहीत आहे. अंधारात बाहुली मोठी होते. गन लेन्सच्या अगदी जवळ असते. उजेड सरळ आत शिरतो आणि आतल्या रक्ताचा रंग घेऊन परत येतो. फ्लॅशचा हा सगळ्यांत जुना दोष. पांढरं कशाने येतं ते पुस्तिकेत नाही. उजेड जास्त झाला असेल. लाल करपून पांढरं झालं असेल.

काकांनी प्रिंट खिडकीशी नेला. "डोळ्यात टिकली कायची रे हे? वाढदिवसाच्यातही होती अशीच. मी भरली होती."

"मला दाखवली नाहीत."

"दोष दाखवाले असतेत काय? भराले असतेत."

त्यांनी ब्रश ओठांवर ओला केला आणि एका टिंबात डोळा काळा केला. वरच्या बाजूला उजेडाचा एवढासा कण सोडला. फोटोतली श्रावणी हसायला लागली. काकांचा हात अजून बाबांच्या वेळचा आहे.

३ जानेवारी २००१

कॅमेऱ्यात लाल डोळ्यासाठी वेगळी सोय आहे. आधी एक दिवा लुकलुकतो, त्याने बाहुली लहान होते, मग खरा फ्लॅश पडतो. ती लावून काढले. आज रोल आला.

उजवा डोळा ठीक. काळाभोर. डावा एका फोटोत पांढराच.

एकाच चेहऱ्यावर, एकाच उजेडात, एकाच डोळ्यात उजेड जास्त कसा होईल? प्रश्न लिहून ठेवला. पुढे जातो. २६ तारखेला तीन आठवडे राहिले आहेत.

काकांनी भरला. 

८ जानेवारी

कौमुदी म्हणते, दिवेलागणीला श्रावणी अंगणाच्या दारात उभी होती, आतला दिवा तिच्यावर पडला, आणि तिचा डोळा मांजरीसारखा चमकला.

"कोणता?"

"तुम्ही काहून असं विचारून राहिले, कोणता?"

मी लेन्स पुसायला घेतली.

"डावा," ती म्हणाली. "डॉक्टरले दाखवू."

मी म्हणालो, उजेडाचे खेळ असतात. काच, पाणी, डोळा, सगळं चमकतं. माझं कामच ते आहे. आवाज चढला माझा. ती श्रावणीला घेऊन मीरा वहिनींकडे गेली. मीरा वहिनी शेजारच्या. त्यांची राधिका आमच्या श्रावणीपेक्षा थोडी मोठी.

ती गेल्यावर मी पाकिटातले फोटो बाहेर काढून बसलो. काकांनी भरलेले. सगळ्यांत डोळे छान आहेत.

१४ जानेवारी

संक्रांत. श्रावणीचं बोरन्हाण.

काळं झबलं कौमुदीने शिवलं. हलव्याचे दागिने अमरावतीहून तिच्या आईने पाठवले, कापसात गुंडाळून. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं पांढरं, काटेदार. श्रावणीने मुकुटाचा एक दाणा तोडून खाल्ला तेव्हा सगळे हसले. मीही.

पाटावर बसवली. बायकांनी डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओतल्या. मोहल्ल्यातली पोरं तुटून पडली. माझं लक्ष गनकडे. काळं झबलं, पांढरा हलवा. गनने कशावर विश्वास ठेवायचा? खोलीत उजेड कमी, पडदे ओढलेले. ए वर काढले. दुसरं काही बदलायला वेळ नव्हता.

पोरं पळाल्यावर श्रावणी एकटी पाटावर राहिली. उजव्या बाजूची बोरं तिने एकेक करून वेचली आणि झबल्याच्या ओच्यात घातली. डावीकडचा ढीग तसाच. मीरा वहिनी म्हणाल्या, "अगं, इधर भी तर आहे ना, वेडाबाई." श्रावणीने अख्खी मान फिरवली, तेव्हा तिला तो ढीग दिसला. मग अशी खूश झाली, जणू आताच कोणीतरी आणून ठेवला.

मी तोही फोटो काढला.

१७ जानेवारी

बोरन्हाणाचा रोल. चेहरा करपलेला, जसं वाटलं होतं तसंच. आणि डावा डोळा पांढरा. एखाद्यात नाही. जिथे जिथे ती समोर बघते आहे त्या जवळजवळ सगळ्यांत. उजवीकडे बघते आहे तिथे तर बाहुलीभर पांढरा, पिवळसर झाक असलेला.

 हिरालाल भैयांच्या स्टुलावर बसलो. त्यांनी पाणी दिलं.

मग कारण लक्षात आलं. काळं झबलं. काळ्यावरून उजेड परत आला नाही, म्हणून गन देतच राहिली. उजेड जास्त झाला. जास्त उजेडाने लाल पांढरं झालं. सगळं पुस्तिकेतल्यासारखं. एकाच डोळ्यात का, ते सोडून.

कारण सापडलं की भीती कमी होते. मी हे वाक्य दोनदा वाचलं. कमी झालेली नाही.

१९ जानेवारी

गेलं.

गनचं डोकं वर केलं आणि उजेड छतावर मारला. घरचं छत निळसर आहे, म्हणून वर थर्मोकोलचा पांढरा तक्ता बांधला. उजेड वरून, मऊ, सावलीशिवाय खाली येतो. आज प्रिंट आले. दोन्ही डोळे काळे. लाल नाही, पांढरं नाही. काकांना ब्रश उचलावा लागला नाही.

मी कौमुदीला म्हणालो, "बघ. गनचा दोष होता."

तिने फोटो हातात घेतला. श्रावणीला कडेवर घेतलं. फोटोकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"फोटो चांगला आहे," ती म्हणाली.

एक प्रत अमरावतीला पाठवली.

२६ जानेवारी

काम चांगलं झालं. सकाळच्या उन्हात टोपीखालची सावली भरायला फ्लॅश, नंतर हॉलमध्ये टीटीएल, पांढऱ्या कपड्यांच्या रांगेसाठी दीड स्टॉप जास्त उजेड.  गन कळली.

घरी आलो तर टीव्हीवर गुजरातचा भूकंप. कौमुदी श्रावणीला मांडीवर घेऊन बघत होती. दगडांखालून काढलेली माणसं. मी टीव्ही बंद केला. तिने पुन्हा लावला.

"बंद केल्यानं काही बंद होत नाही," ती म्हणाली.

२८ जानेवारी

मीरा वहिनींकडे राधिकाचं बोरन्हाण. रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणून आज रविवारी ठेवलं. फोटो माझ्याकडे. मीरा वहिनींनी हट्टाने श्रावणीलाही काळं झबलं घालून आणायला लावलं. "दोघी बहिणी एकसाथ बसतील." दोघींना एका पाटावर बसवलं.

त्यांच्या घराचं छत लाकडी, उंच, काळपट. उजेड वर मारून उपयोग नाही. गन सरळ समोर धरली. ए वर. पण आता मला माहीत आहे. काळ्यासाठी ॲपर्चर दीड स्टॉप लहान केलं.

फोटो बरोबर येणार हे मला बटण दाबतानाच कळलं होतं. आज झोप लागत नाही, ती त्यामुळे नाही. कशाने लागत नाही ते लिहीत नाही.

३० जानेवारी

रोल आला.

एक्सपोजर बिनचूक. चेहरे करपलेले नाहीत. झबल्याचं काळं काळं आहे, त्यावर हलव्याचा प्रत्येक काटा वेगळा दिसतो. याहून चांगलं मी काही काढलेलं नाही.

एका फ्रेममध्ये दोघी समोर बघताहेत. चार डोळे. तीन लाल, एक पांढरा.

मी मोड बदलले. रोल बदलला. अंतर बदललं, उजेडाची दिशा बदलली, ॲपर्चर बदललं. बाबांनी सांगितल्याप्रमाणे एकेक करून सगळं बदलून बघितलं. पोर बदलून बघितली नव्हती. ती मीरा वहिनींनी बसवून दिली.

काकांनी फोटो खिडकीशी नेला. ब्रश ओठांजवळ नेला. आणि खाली ठेवला. "भार्गव," म्हणाले, "हे मले भरता नाही येत."

कौमुदीला फोटो दाखवला. ती रडेल असं वाटलं होतं. तिने पायांत चपला घातल्या आणि श्रावणीचं स्वेटर घेतलं.

३१ जानेवारी

काल दवाखाना बंद होऊन गेला होता. आज सकाळी समता कॉलनीत गेलो.

डॉक्टर बाईंनी आधी श्रावणीचा डावा डोळा हाताने झाकला. ती खेळत राहिली. मग उजवा झाकला. श्रावणी किंचाळली आणि त्यांचा हात ढकलायला लागली. पुन्हा डावा झाकला, गप्प. पुन्हा उजवा, किंकाळी. हे करायला गन लागत नाही, रोल लागत नाही. फक्त हात लागतो.

मग डोळ्यांत थेंब घातले, खोली अंधारी केली आणि बराच वेळ आत बघितलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

"गाँठ है," त्या म्हणाल्या. "आँख के परदे से उठी है. हैदराबाद जाइए. कल. सोच-विचार मत कीजिए."

"नज़र वापस आ जाएगी?" कौमुदीने विचारलं.

"पहले जान, फिर दूसरी आँख. इस आँख की बात सबसे बाद में."

मी विचारलं, फ्लॅशने झालं का. त्या म्हणाल्या, नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "फ्लैश से नहीं हुआ. फ्लैश से तो दिखा."

मग त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कधी दिसलं. जुने फोटो आहेत का. आम्ही अल्बम नेला होता. त्यांनी पानं उलटली. वाढदिवस, दिवाळी, डिसेंबर. "इनमें तो कुछ नहीं है. दोनों आँखें साफ़ हैं."

मी म्हणालो, "भरी हुई हैं."

त्यांना कळलं नाही. मला समजावून सांगता आलं नाही. शेवटी कौमुदीने सांगितलं. आमच्याकडे डोळ्यातले दोष झाकून देतात.

संध्याकाळ

प्रिंट भरले होते. निगेटिव्ह भरल्या नव्हत्या.

लाइट बॉक्सवर एकेक पट्टी ठेवली. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं. म्हणून काळा ठिपका शोधायचा. डिसेंबर, आहे. दिवाळी, आहे. सप्टेंबरचा वाढदिवस, बाबांच्या जुन्या गनने काढलेला, आहे, बारीक. त्याआधीच्या उष्टावणाच्या फोटोत भिंग फिरवत राहिलो. तिथे नाही. किंवा मला दिसत नाही. मला काय दिसतं यावर माझा आता भरवसा नाही.

काका माझ्यामागे उभे होते. "वाढदिवसाचा मी भरला," ते म्हणाले. "माह्या हातानं."

मी म्हणायला हवं होतं की तुम्हाला कसं माहीत असणार. म्हणालो नाही. तेच मला कोणी म्हणावं असं वाटत होतं.

कौमुदी बॅग भरत होती. तिने वर न बघता म्हटलं, "मी पोट्टी दाखवून राहिली होती. तुम्ही मले गन दाखवून राहिले होते."

५ फेब्रुवारी, हैदराबाद

बेशुद्ध करून दोन्ही डोळे तपासले. डावा गाठीने भरला आहे. काढावा लागेल. उजवा आज स्वच्छ आहे. डॉक्टर "आज" म्हणाले. मी तो शब्द ऐकला, कौमुदीनेही. एकमेकांकडे बघितलं नाही.

अशी गाठ दुसऱ्या डोळ्यातही उठू शकते, म्हणून उजव्यावर पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल. दर थोड्या महिन्यांनी हेच. बेशुद्ध करणं, बघणं, सांगणं.

६ फेब्रुवारी

ऑपरेशन उद्या. कॅमेरा बॅगेत आहे. मी ठेवला नव्हता. कौमुदीने ठेवला होता.

"काढा एक," ती म्हणाली. "दोन्ही आहेत तोवर."

धर्मशाळेच्या खोलीत एकच खिडकी. तिच्या उजेडात काढता आला असता. तो चांगला आला असता, डोळा काळा, काही दिसलं नसतं. मी गन लावली. सरळ समोर धरली. श्रावणीने चेहरा डावीकडे वळवला. मी हनुवटी धरली नाही. ती जशी बघते तसं बघू दिलं.

९ फेब्रुवारी

डावीकडे पट्टी. श्रावणीने बिस्किट मागितलं. नेहमीसारखं एक उजव्या हातात, एक डाव्या. म्हणजे ती तीच आहे.

२० फेब्रुवारी

तपासणीचा निकाल आला. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नव्हती. डोळ्यामागच्या मज्जातंतूचं टोक स्वच्छ.

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. सप्टेंबरपासून फेब्रुवारी. याहून थोडा उशीर, आणि निकाल वेगळा आला असता. याहून लवकर, आणि कदाचित डोळाही राहिला असता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. सांगता येतं असं मला वाटतं.

२८ मार्च, रायपूर

श्रावणीला खोटा डोळा बसवला. आम्ही काल परत आलो. रंग अगदी उजव्यासारखा. मीरा वहिनी म्हणाल्या, सांगितल्याशिवाय कळत नाही. त्या रडल्या. राधिकाने विचारलं, "रो क्यों रही हो?" मग श्रावणीही विचारायला लागली, बोबडं.

स्टुडिओत काका बाळांच्या डोळ्यांना आता ब्रश लावत नाहीत. गिऱ्हाइकांना म्हणतात, "लाल हाय ना दोन्हीत? मंग ठीक हाय. घेऊन जा." लोक चिडतात. एक बाई म्हणाल्या, आपके बाबूजी के टाइम में ऐसा नहीं होता था. काका म्हणाले, "हव, नहीं होता था."

२१ एप्रिल

पुढची तपासणी जवळ आली. कौमुदी रोज संध्याकाळी श्रावणीला दारात उभी करते, आतला दिवा लावते आणि खाली बसून तिच्या उजव्या डोळ्यात बघते.  श्रावणीला तो खेळ वाटतो. ती आता आपणहून जाऊन उभी राहते.

आज दुपारी मी आतल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. अंधार हवा, बाहुली मोठी व्हायला. गन लेन्सच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेली. दिवा लुकलुकण्याची सोय बंद केली. पुस्तिकेत जे जे करू नका म्हणून लिहिलं आहे ते सगळं केलं. ए नाही, टीटीएल नाही. दोरीने अंतर मोजलं, एम वर ठेवली. ठरवायचं ते मी ठरवणार होतो.

डॉक्टरांनी सांगितलं आहे, फोटोवर विसंबू नका, फोटो म्हणजे तपासणी नव्हे. विसंबत नाही. पण हातात दुसरं काही नाही.

बटण दाबताना डोळे मिटले. माझे.

२३ एप्रिल

रोल द्यायला गेलो तेव्हा हिरालाल भैयांना काही सांगितलं नव्हतं. आम्ही फेब्रुवारीत कुठे होतो तेही नाही. आज पाकीट देताना ते म्हणाले, "भैया, आप भी? बिटिया की एक आँख लाल आ गई है. काका से भरवा लेना. दूसरी तो एकदम बढ़िया है."

दूसरी म्हणजे डावी. ती कधीच लाल येणार नाही. पांढरीही येणार नाही. काळी, बिनचूक, वर उजेडाचा एवढासा कण. काकांनी भरल्यासारखी.

पाकीट न उघडता स्टुडिओत आलो. कौमुदी श्रावणीला घेऊन आधीच येऊन बसली होती. कोणीच पाकिटाला हात लावेना. शेवटी काकांनी प्रिंट काढला, खिडकीशी नेला, भिंग लावलं. ब्रश टेबलावर होता. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"लाल हाय," ते म्हणाले. मग कौमुदीला, "ये बाई, तू पाह्य. भक्क लाल हाय."

तिने बघितलं. भिंग माझ्या हातात दिलं. मी बघितलं. लाल. काठापासून काठापर्यंत. दुसरं काही नाही.

आजपुरतं.

बाबांच्या वेळेपासून शोकेसमध्ये मधली जागा सगळ्यांत चांगल्या फोटोची. तिथे हा लावला.

दुपारी दोन कॉलेजची मुलं काचेसमोर थांबली. एक म्हणाला, "देख, लाल आँख वाला फोटो सामने टाँग रखा है. इसको फ्लैश चलाना नहीं आता." दुसरा हसला.

मी आत होतो. ऐकलं. फोटो तिथेच आहे.